आत बसणारी मैना

कसबा पेठेच्या टोकाला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बजरंग काळभोरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहून बोलावं एवढीच जागा. छतापासून खालपर्यंत गाड्यांच्या दारांना लावायच्या काळ्या रबराची वेटोळी टांगलेली. फियाटचं रबर वेगळं, अँबॅसिडरचं वेगळं, पुढे मारुती आली तिचं आणखी वेगळं. दारातून पाणी आत येतंय म्हणून अख्ख्या पुण्यातून गाड्या त्याच्याकडे यायच्या. आणि पुण्याचा माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा तिचं निदानही घरून करून आणतो, त्यामुळे बजरंगचा पहिला अर्धा तास नुसता मान डोलावण्यात जाई.

लोणी काळभोरहून आलेल्या या माणसाने शहरात नाव काढलं होतं. "बजरंगच्या बोटांना पाणी कळतं," असं मंडईपर्यंत बोललं जाई. ते ऐकून तो खाली मान घालून हसे आणि लोकांना तो विनय वाटे. विनय कसला डोंबलाचा! त्याच्या बोटांना काहीएक कळत नव्हतं. रबर बसवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मान्य करायला हवं. दाराच्या कोपऱ्यावर एक सुरकुती न पाडता तो रबर असं दाबत नेई की ते कारखान्यातूनच तसं आलंय असं वाटावं. पण पाणी शिरतंय कुठून, हे शोधणारं डोकं त्याचं नव्हतं. ते त्याच्या बायकोचं, मैनाचं होतं.

रीत अशी होती. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, काचा वर करून दारं बंद करायची, आणि आत मैनाने बसायचं. बजरंग बाहेरून पाइपने पाणी सोडी, आधी खाली, मग वीत वीत वर. आत उकाड्याने जीव घुसमटे, पण मैना हलत नसे. जिथे पाणी डोकावेल तिथे ती खडूने फुली मारी आणि पदर सावरत दुकानात निघून जाई. मग बजरंग आत शिरून इकडेतिकडे चाचपल्यासारखं करी आणि बाहेर येऊन भारदस्त चेहऱ्याने फुलीची जागा सांगे. गिऱ्हाइकाला वाटे, बाई डबा घेऊन आली असेल, बसली असेल सावलीला.

हे नाटक मैनानेच सुरू केलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने एका गिऱ्हाइकाला स्वतः गळती दाखवली, तर तो म्हणाला, "आता बायका गाडीतलं शिकवणार का?" आणि गाडी घेऊन चालता झाला. त्या संध्याकाळी मैना म्हणाली, "आवं, म्या सांगितलं तर लोकास्नी पटत न्हाई. तुमी सांगत जावा. पानी तर तेच हाय न्हवं?" बजरंगला ते सोयीचं वाटलं. सोयीची गोष्ट हळूहळू रास्तही वाटू लागते, तशी ती त्यालाही वाटू लागली. अशी वीस वर्षं गेली, आणि या वीस वर्षांत त्याने बायकोला एकदाही "बरं झालं तू आहेस" म्हटलं नाही. त्याच्या मनात होतं, पण ते बोलायचं असतं हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

मग अठ्ठ्याण्णव साली तो रस्ता एकेरी झाला आणि दुकानासमोर गाडी उभी करायला बंदी आली. रबर होतं, हात होता, पण गाडी लावायची कुठे? ऐन जुलैत, ज्या दिवसांत जेवायला फुरसत मिळत नसे, त्या दिवसांत नवरा-बायको फळीवर बसून रहदारी बघत होते.

तेव्हा अनंत साठे यांचा निरोप आला. साठे शंकरशेट रस्त्यावरच्या एका मोठ्या वर्कशॉपचे मॅनेजर. पूर्वी कधीतरी त्यांची स्वतःची गाडी कसब्यात कोरडी करून मिळाली होती. म्हणाले, "काळभोर, गळती तपासणारा एक माणूस कायमचा हवाय मला. एक गाडी देतो, ती बरी करून दाखवा. शनिवारपर्यंत. जमलं तर जागा तुमची."

वर्कशॉपच्या फाटकावर पाटी होती, 'कामगारांव्यतिरिक्त कोणासही आत प्रवेश नाही'. बजरंगने ती वाचली आणि घरी येऊन मैनाला सांगितलं, "मी एकटाच जातो. शेवटी रबर ते रबर." मैना "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

गाडी होती श्रीनिवास परांजपे यांची. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, राहायला सदाशिव पेठेत, आपल्या सोसायटीचे चिटणीस. गाडी दोन वर्षांची, आणि गेल्या वर्षापासून ड्रायव्हरच्या दाराखालचा गालिचा दर पावसात ओला. वर्कशॉपने चार वेळा रबर बदललं होतं.

"आपणच ते बोटांना पाणी कळणारे?" परांजप्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. "मग कळवा त्यांना. मला मासे पाळायचे असते तर मी काचेची पेटी घेतली असती."

बजरंगने पाचवं रबर बसवलं, इतकं नीट की मेकॅनिक बघायला जमले. पाणी मारलं. गालिचा ओला. एका कामगाराला आत बसवलं, तर तो पाचव्या मिनिटाला घाम पुसत बाहेर आला. मग बजरंग स्वतः आत बसला. बराच वेळ काही नाही, आणि मग दाराच्या खालच्या कडेने, रबराच्या ओठावरून पाणी हळूच आत उतरलं. म्हणजे रबरच! त्याने बिजागऱ्या आवळल्या, दार जरा आत घेतलं, खडू लावून रबर सगळीकडे टेकतंय का ते पाहिलं. टेकत होतं. दार उघडताना जरा जड लागलं, पण नव्या गाड्यांची दारं जडच असतात, असं त्याने स्वतःला समजावलं. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. साठे जाता-येता गालिचा चाचपून बघत, आणि ते त्याला झोंबत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला तो तोंड पाडूनच. मैनाने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"आत बसला व्हता न्हवं तुमी? काय आयकू आलं?"

"ऐकू काय येणार? पाणी दिसलं."

"दिसायच्या आदी आवाज येतो की." ती सहज म्हणाली आणि चुलीकडे वळली.

बजरंग तांब्या हातात धरून तसाच बसला. वीस वर्षं ती आत काय करत होती, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला वाटे, ती बघते. आणि तीन दिवस झाले, मला का नेलं नाही, असा शब्दही तिने काढला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तांब्या तसाच खाली ठेवून तो चुलीपाशी जाऊन बसला.

शनिवारी सकाळी तो मैनाला घेऊनच वर्कशॉपवर गेला. तिला फाटकाबाहेर उभं करून तो आत गेला. साठे आणि परांजपे गाडीपाशीच उभे होते.

"साहेब, एक सांगायचंय," बजरंग म्हणाला. "मी रबर बसवतो. गळती मी कधीच शोधली नाही. ती माझी बायको शोधते. आजवर नाव माझं झालं, काम तिचं होतं. ती बाहेर उभी आहे."

आजूबाजूचे दोघं-तिघं मेकॅनिक हसले. साठ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो काळभोर, पाटी वाचलीत ना? आणि बाईमाणूस इथे..."

"मग आम्ही तीन दिवस कोणाची वाट बघत होतो?" परांजपे मध्येच म्हणाले. "साठे, वर्कशॉप आपलं आहे, पण गाडी माझी आहे. माझ्या गाडीत कोणी बसायचं ते मी ठरवतो. बोलवा बाईंना."

मैना आत आली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. आधी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला, मग शेजारच्या गाडीवर चाललेली ठोकाठोक. सगळं वर्कशॉप गप्प झालं. ती सीटवर बसली, दार ओढून घेतलं आणि दाराच्या आतल्या अंगाला कान टेकला. बजरंगने काचेवर पाणी सोडलं.

दहा-बारा मिनिटं झाली. काचेमागे तिचे डोळे मिटलेले दिसत होते. बजरंग पाइप काचेवर धरून उभा होता. जागा जाईल याची भीती होतीच, पण आपण हिला चारचौघांत उभं केलं आणि उद्या हिलाच हसतील, ही भीती त्याहून मोठी होती. एवढ्यात मैनाने आतून काचेवर टकटक केली.

ती उतरली आणि सवयीने बजरंगकडे बघू लागली, त्याने पुढचं सांगावं म्हणून. बजरंग मागे सरकला. "तूच सांग," तो म्हणाला.

मैनाने दारावर हात ठेवला. "रबराची चूक न्हाई," ती परांजप्यांना म्हणाली. "दार भरतंय. घागर भरताना आवाज कसा जाडाचा बारीक हुत जातो, तसा दारात हुतोय. काचंवरनं थोडं पानी दारात उतरायचंच, खाली भोकं असत्यात, तिथनं निगून जातं. हितलं जात न्हाई. भरलं की आतल्या अंगानं सांडतं, रबराच्या वरनं."

बजरंग दाराशी गुडघ्यावर बसला. खालची कड काळी कुळकुळीत होती. गंज धरू नये म्हणून कारखाना लावतो तो थर असेल, असं तीन दिवस त्याला वाटलं होतं. त्याने पेचकसाचं टोक घासत नेलं, एका जागी ते रुतलं. थोडा जोर लावताच भोकं-भेगा बुजवायच्या काळ्या लांबीचा गोळा सुटून आला आणि त्यामागून पाण्याची जी धार लागली ती थेट परांजप्यांच्या चपलांवर. शेजारी दुसरा गोळा, मग तिसरा. बादलीभर पाणी निघालं.

मेकॅनिक एकमेकांकडे बघायला लागले. साठ्यांचा चेहरा उतरला. "हे आमच्याकडून झालं असेल तर..."

"आपल्याकडून नाही," परांजपे म्हणाले. ते आपल्या ओल्या पायांकडे बघत होते. "ते मी लावलंय."

मग त्यांनाच पुढे सांगावं लागलं. "आमच्या पार्किंगमध्ये पाटी आहे. 'ठिबकणारी वाहने आत लावू नयेत. ठिबकणे हे मालकाच्या निष्काळजीपणाचे लक्षण होय.' ती मीच लिहिली. गेल्या वर्षी पाऊस झाला आणि सगळ्यांत जास्त माझीच गाडी ठिबकली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पाटी मोठ्याने वाचून गेले. मग मी लांबी आणली आणि जिथून ठिबकत होतं ती सगळी भोकं बुजवली. स्वतः. उत्तम बुजवली होती."

"लई ब्येस बुजवली व्हती," मैना मनापासून म्हणाली, आणि मग मात्र सगळं वर्कशॉप हसलं. परांजपेही हसले. हसून झाल्यावर त्यांनी हात जोडले. "बाई, वर्षभर मी या सगळ्यांचा उद्धार करत होतो. आपण मला शहाणं केलंत. मी आपला आभारी आहे."

मैनाला कोणी 'आपण' म्हणायची ही पहिलीच वेळ. तिने गडबडून पदर डोक्यावर ओढून घेतला.

पुन्हा पाणी मारलं. पाणी दारात उतरलं आणि खालून सरळ निघून गेलं, गालिचा कोरडा राहिला. साठ्यांनी बजरंगच्या पाठीवर थाप मारली. "जमलं काळभोर! सोमवारपासून या. चला, अर्ज भरून टाकू."

बजरंग जागचा हलला नाही. "साहेब, जागा गळती शोधणाऱ्याची आहे ना? मग ती हिची. हिच्यामुळे माझी चूल पेटली, हिच्यामुळे मला पुण्यात मान मिळाला, आणि मी तो एकट्याने खाल्ला. आता तिच्या जागेवर मी नाही बसणार." तो मैनाकडे वळला. "मैने, तुझे लई उपकार हायत माज्यावर."

गावची बोली त्याच्या तोंडी शहरात कोणी ऐकली नव्हती. मैना म्हणाली, "आवं, लोक बघत्यात." पण ती त्याच्याकडेच बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

साठ्यांनी घसा खाकरला. "रबर बसवायलाही माणूस लागेलच मला," ते म्हणाले. "दोघंही या. पण तपासणीचा अर्ज आधी." त्यांनी टेबलावरून कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. "नाव?"

बजरंगच्या तोंडातून तिचं नाव बाहेर पडणारच होतं. त्याने ओठ मिटून घेतले आणि तो जमिनीकडे बघत राहिला.

"मैना बजरंग काळभोर," मैना म्हणाली.

"आजवर काय काम करत होता?"

वीस वर्षं या प्रश्नाला 'घरीच असते' हे उत्तर ठरलेलं होतं, आणि ते नेहमी बजरंग देई. या वेळी साठ्यांच्या कागदाकडे बोट करून, ते नीट लिहून घेतायत ना हे बघत, ती म्हणाली, "गाड्यांची गळती शोधते. वीस वर्सं झाली."