चौथ्या स्क्रूपाशी अडकलेले तात्या

तात्या पंखे दुरुस्त करायचे आणि त्याचे व्हिडिओ नेटवर टाकायचे. पण नेट कंपनीने पैसेवाल्या बड्या चॅनेलांना मोकळी वाट दिली आणि तात्यांना बसवलं रांगेत. त्यांचा प्रत्येक व्हिडिओ चौथ्या स्क्रूपाशी अडकायचा. तात्या तोंड वासलेले आणि वर ते मेलं लोडिंगचं चक्र गरगर फिरतंय!

एक दिवस कंपनीचा साहेबच पंखा काखोटीला मारून दुकानात आला. "तुमचा व्हिडिओ पुढे सरकेना, म्हणून पंखाच आणला."

तात्यांनी तीन स्क्रू काढले. चौथ्यापाशी मात्र स्क्रूड्रायव्हर उगारून, तोंड वासून ते जागच्या जागी थिजले.

साहेब हादरला. "अहो, यांना काय झालं?"

तात्यांच्या बायकोने हवेत बोट गोल गोल फिरवलं. "काही नाही हो. तुमच्याच नेटवर चालतात ते."