तीन बोटांची फट

ड्रॉवर आत गेला. गेला म्हणजे काय, गडपच झाला. आणि त्याच्या उजव्या बाजूला जी फट उरली तिच्यात माझी तीन बोटं आरामात बसली.

आम्ही चौघं ओट्याशी उभे होतो. पप्पांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता, तो तिथेच अडकला. आईचा हात कपाळावर गेला आणि तिथेच चिकटला. आणि आजोबा त्या ड्रॉवरकडे असे बघत होते, जणू त्याने भर सभेत त्यांना शिवी हासडली.

"बाबा, चुकून दुसराच ड्रॉवर आणलात का हो?" पप्पा कसेबसे म्हणाले. पप्पा आजोबांचे जावई. स्वतःच्या घरातसुद्धा आजोबांशी बोलताना त्यांचा आवाज पाहुण्यासारखा होतो.

"दुसरा आहे कुठे घरात?" आजोबा म्हणाले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? लहान झाला तर झाला, दुसरा करा. पण आमच्या आजोबांचं माप चुकलं होतं. भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरायला लागलं असतं तरी आम्ही एवढे हादरलो नसतो. सेल बदलला असता.

आजोबा म्हणजे आईचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात लाकडी खोकी केली. मोठमोठी यंत्रं बाहेरगावी जायची, ती ज्यात घालून पाठवतात ती खोकी. सगळे टेप घेऊन मापायचे, आजोबा वीत घेऊन. उजवा हात ताणायचा, अंगठा इथे, करंगळी तिथे, मग अंगठा उचलून करंगळीपाशी, की पुन्हा करंगळी पुढे. हात यंत्रावरून सुरवंटासारखा चालत जायचा आणि खोकं तयार. कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं वीतभाऊ.

एकदा तिथे नवीन इंजिनिअर साहेब आला. त्याने हा सुरवंट पाहिला आणि तो जागीच थांबला. (साहेबाला मी कधी पाहिलं नाही, पण आजोबा त्याचा आवाज काढतात तो नाकातून काढतात, म्हणून मीही नाकातूनच काढते.) "हे काय चाललंय? इथे खोकी करतात की गोट्या खेळतात?" आजोबांनी कामाच्या लाकडी बाकावर हात ताणून ठेवला. साहेबाने खिशातून चाकू काढून अंगठ्यापाशी एक आणि करंगळीच्या नखापाशी एक अशा दोन खाचा केल्या, पोलादी पट्टी लावली. नऊ इंच. पुन्हा लावली. नऊ. तिसऱ्यांदा चष्मा पुसून लावली. मग म्हणाला, "बरं."

एवढंच. "बरं." दुसरे लोक पदक दाखवतात तसं आजोबा ते "बरं" दाखवतात.

कारखाना बंद झाला तेव्हा प्रत्येकाला एकेक वस्तू घरी न्यायची मुभा होती. कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची. आजोबांनी तो खाचांचा बाक आणला. तो आमच्या गॅलरीत आहे. त्याच्यावर धुणं वाळतं, त्यामुळे आमच्या प्रत्येक कपड्याला थोडा भुसा असतो.

आमच्या घरात खोल्या तीन आणि सामान सात खोल्यांचं. आजोबा राहायला आले आणि सामान हळूहळू दिसेनासं व्हायला लागलं. दाराच्या मागे बुटांची उभी मांडणी. पलंगाखाली चाकांची पेटी. दारांच्या वर बॅगांसाठी फळ्या. फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये जी एक वीत जागा होती, जिथे आजवर फक्त झुरळं जायची, तिथून आता बाटल्यांची आख्खी मांडणी सरकत बाहेर येते. स्टुलाच्या पोटात रद्दी. समोरच्या काकू आमच्याकडे आल्या की आधी उभ्याच राहतात. "बसायची भीतीच वाटते बाई तुमच्याकडे. कशातून काय उघडेल सांगता येत नाही."

गेल्या वर्षी आजोबांच्या डाव्या अंगठ्याला करवत लागली. चार टाके. आईने ते टाके बघितले आणि जाहीर केलं, "पुरे झालं. करवत, रंधा, पटाशी, सगळं पेटीत. किल्ली माझ्याकडे."

"असं करू," आजोबा म्हणाले. "ज्या दिवशी माझं माप चुकेल त्या दिवशी करवत मी आपण होऊन तुझ्या हातात देईन. तोपर्यंत तू हा विषय काढायचा नाहीस."

आई हो म्हणाली. म्हणाली खरी, पण तेव्हापासून आजोबांनी काहीही केलं की ते दुपारचे झोपल्यावर आई गुपचूप टेप काढायची. एक टोक मी धरायचं. "किती?" "बरोबर आहे." "नीट बघ." "बरोबरच आहे." "मेलं बरोबरच कसं येतं दर वेळी!" असं ती त्या आवाजात म्हणायची, ज्या आवाजात लोक बस चुकल्यावर बोलतात.

अंगठा भरून येईपर्यंतचे ते दोन महिने मला अजून आठवतात. आजोबांना बाकाला हात लावायची बंदी होती. ते खिडकीत बसून राहायचे. संध्याकाळी पप्पा घरात शिरले की त्यांना म्हणायचे, "समोरच्या इमारतीला अठ्ठावीस खिडक्या आहेत. त्यातल्या दोन वाकड्या बसवल्यात." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, अठ्ठावीस, दोन वाकड्या. पप्पा रोज म्हणायचे, "असं का? दोन?" करवत गेली की काय होणार, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तर हा ड्रॉवर. ओट्याखाली एक उघडी मांडणी आहे, नऊ वर्षांपूर्वी आजोबांनीच केलेली. दोन लांब फळ्या, आणि त्यांच्यावर जे ठेवू ते बाहेर पडायचं. विशेषतः झाकणं. एक काढायला जावं तर सहा मिळून पायावर यायची. आईच एकदा म्हणाली, "याला ड्रॉवर असते तर..." वाक्य पूर्ण व्हायच्या आत आजोबा गॅलरीत होते.

"माप नको का घ्यायला?" आईने विचारलं होतं.

"तीन विती रुंद आहे. मीच केलीय ना?"

मग तीन आठवडे रंधा, भुसा, पुन्हा रंधा. बाकावर फळी ठेवून तीन विती मोजल्या, सरकायला कागदाएवढी जागा सोडली, कापली. आणि आज रविवारी सकाळी, सगळ्यांना बोलावून, चहा घेऊन, उद्घाटन!

आजोबांनी ड्रॉवर बाहेर काढला. पुन्हा घातला. मग उलटा फिरवून घातला, जणू दुसऱ्या बाजूने तो रुंद असेल. मग गॅलरीत गेले. परत आले तेव्हा हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली करवत होती. ती त्यांनी आईपुढे धरली.

"घे."

आणि माझ्या आईने, जी वर्षभर टेप घेऊन या दिवसाची वाट बघत होती, तिने दोन्ही हात पाठीमागे नेले!

"मी काय करू तिचं?"

"ठरलं होतं."

"ठरलं होतं म्हणून काय लगेच?"

"मग कधी? मुहूर्त बघून?"

आई पप्पांकडे बघायला लागली. पप्पा कपात बघायला लागले. आजोबांनी करवत फ्रिजवर ठेवली, टॉवेलाची घडी सारखी केली. तेवढ्यात समोरच्या काकू दारात. आमचे चेहरे बघून त्यांचा हात छातीवर गेला.

"अगं बाई, काय झालं? कुणी गेलं का?"

"यांचं माप चुकलं," पप्पा म्हणाले.

"वीतभाऊंचं?" काकू स्टुलावर बसल्याच. न तपासता!

मला ते सहन होईना. वातावरण फारच जड झालं की मी एक गोष्ट करते, आजोबांची वीत. ओट्यावर हात ताणून चालवायचा, मान तिरकी, ओठ मिटलेले, नाकाने हुं हुं. घरात कुणी आलं की हे होतंच, लोक हसून लोळतात. मी सुरू केलं. टक-ठप. टक-ठप. टक-ठप. काकू हसल्या. पप्पांनासुद्धा थोडं हसू फुटलं.

"थांब," आजोबा म्हणाले. "पुन्हा कर."

मी केलं. टक-ठप.

"हे ठप कुठून आणलंस?"

"तुमचंच आहे."

"माझं टक-टिक आहे. अंगठा टक, करंगळीचं नख टिक. लहान होतीस तेव्हा तूच करायचीस, टक-टिक, टक-टिक. हे ठप कुणाचं?"

खरंच की. लहानपणी मी टक-टिकच करत होते. मग ठप कधी झालं? मी काही ठरवून बदललं नव्हतं. जसं कानावर पडलं तसं करत गेले. नख नाही, बोटाचं पेर आपटतं, तेव्हा ठप येतं. कितीतरी दिवस मी हे पाहुण्यांपुढे करून दाखवत होते, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि कुणाच्या, अगदी माझ्यासुद्धा, लक्षात आलं नव्हतं. मी हात ओट्यावरून उचलून घेतला.

आजोबा गॅलरीत निघाले. आम्ही सगळे मागोमाग, काकूसुद्धा. धुणं बाजूला सारून त्यांनी बाकावर हात ठेवला. अंगठा साहेबाच्या एका खाचेत. हात ताणला. करंगळी दुसऱ्या खाचेपर्यंत पोचलीच नाही. ती मधूनच वाकली होती आणि तिच्या पुढे एक बोटभर लाकूड उघडं दिसत होतं. आजोबांनी डाव्या हाताने करंगळी दाबली. ती सरळ झाली नाही.

"तीन विती," पप्पा हळू आवाजात म्हणाले. "एकेका वितीत एक बोट."

मांडणी नऊ वर्षांपूर्वीच्या हाताने मापलेली आणि ड्रॉवर आजच्या.

"कधीपासून आहे हे?" आईचा आवाज चिरकला.

"सकाळी जरा आखडतं. मला वाटलं थंडीने."

"बाबा, उन्हाळा आहे!"

"म्हणूनच म्हटलं, जाईल."

"बोटं वळत नाहीत आणि करवत चालवता तुम्ही?"

"वळतात की," आजोबांनी मूठ करून दाखवली. "वळतात झकास. उघडत नाहीत. करवत काय हात उघडा टाकून धरतात?"

आईने त्यांची मूठ दोन्ही हातांत धरली. ती रडतेय की चिडलीय ते मला कळेना, आणि मला वाटतं तिलाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तळहात चाचपला. आतली शीर आखडलीय, म्हणाले, हात पूर्वीसारखा उघडायचा नाही, पण काम बंद करू नका, चालू ठेवा. आजोबांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. घरी येऊन खिडकीत बसले. संध्याकाळी पप्पा आले. मी दाराआडून ऐकत होते.

"अठ्ठावीस," आजोबा म्हणाले.

पप्पा "असं का?" म्हणाले नाहीत. बूट न काढता तसेच उभे राहिले.

मंगळवारी आजोबा एक फळकूट घेऊन स्वयंपाकघरात आले. करवत दिली होती, म्हणून ते बाजारातून कापून आणलेलं. "तेवढी फट बुजवतो. उघडी राहिलेली बघवत नाही."

"हात लावायचा नाही!" आई एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या काकू धावत आल्या.

मग आम्ही पाहिलं. फटीत झाकणं उभी होती. सात. त्यांच्यामागे दोन ट्रे आणि भाजी चिरायची फळी, सगळे एका रांगेत. आईने रविवारी सैरभैर मनाने एक झाकण तिथे खोचलं होतं, मग दुसरं, आणि मग दोन दिवसांत एकही झाकण कुणाच्या पायावर पडलं नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"मुद्दाम सोडलीत की काय एवढी जागा?" काकूंनी विचारलं. मग आवाज खाली आणून, डोळे मिचकावत, "म्हणा ना हो मुद्दाम सोडली!"

आजोबांनी झाकणांकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणतील. कोणीही म्हटलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "चुकलं."

आईने फ्रिजवरून टॉवेल काढला. "ही करवत तुम्ही मला दिलीत ना?"

"दिली."

"म्हणजे माझी झाली. मग मी ती वाटेल त्याला वापरायला देईन. खालच्या फळीला ड्रॉवर हवाय मला. तोही तीन बोटं कमी."

आजोबा हादरले. रविवारीसुद्धा एवढे हादरले नव्हते. "चूक... मापून करायची?"

"हो. आणि मापायची कशाने, तर याने." तिने तिचा टेप ओट्यावर ठेवला.

"टेप?" आजोबांनी तो दोन बोटांत उचलला, मेलेली पाल उचलावी तसा. "अगं, हा कुणी तपासलाय का?"

आणि टेप घेऊन ते गॅलरीत गेले. आईने करवत घेतली आणि ती त्यांच्या मागे गेली. आजोबांनी टेपचं टोक साहेबाच्या पहिल्या खाचेत अडकवलं, दुसऱ्या खाचेपर्यंत ओढलं आणि वाकून आकडा पाहिला. टेप सोडून दिला, तो सर्रकन आत गेला, ते दचकले. पुन्हा लावला. मग चष्मा शर्टाला पुसला आणि तिसऱ्यांदा लावला.

नंतर सरळ उभे राहिले आणि नाकातून म्हणाले, "बरं."