माईच्या मठातला बुवा

आमच्या गावात देवळाला कुणी देऊळ म्हणत नसे, मठ म्हणत. माईचा मठ. माई म्हणजे देवी. देवीचं देऊळ असतं, मठ कसा असेल, हा प्रश्न एवढ्या मोठ्या गावात एकालाही पडला नव्हता. मलाही नाही. लहानपणापासून कानावर पडलेली गोष्ट कोण तपासत बसतं?

देऊळगाव राजाहून बैलगाडीने येताना गावाच्या आधी, नदीच्या चढावर, मठ दिसायचा. काळ्या दगडाचा, बुटका, रुंद. कळस कधी पडला कुणास ठाऊक. त्या जागी पिंपळाचं रोप उगवलेलं होतं. आत मंडप. खांब खाली चौकोनी, मध्ये आठ बाजूंचे, वर गोल, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पोट सुटलेली बसकी माणसं दोन्ही हातांनी छत तोलून बसलेली. त्यातला एकजण आमच्या किराणा दुकानदारासारखा दिसायचा, म्हणून आम्ही मुली त्याला शेटजी म्हणायचो. छताच्या मधोमध उलटं कमळ. दगड नुसते खाचेत खाच घालून बसवलेले, कुठे चुन्याचा टिपूसही नाही. मंडपाच्या दोन्ही अंगांना खोल्या होत्या, दारं इतकी ठेंगणी की आत जायचं तर वाकायलाच हवं. आत निजण्यापुरता दगडी ओटा आणि दिव्यापुरता कोनाडा, बाकी काही नाही. बहुतेक खोल्यांत गावाचा कडबा भरलेला असे. एकीत माझी आत्या राहायची.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याने दुसरी बायको केली तेव्हा ती माहेरी आली. आमच्या घरी वर्षभर राहिली असेल. तिचं आणि माझ्या आईचं चुलीपाशी पटलं नाही. दोघीही चांगल्या, पण मीठ किती घालायचं यावरून दोन चांगली माणसं किती भांडू शकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक दिवस आत्याने आपली दोन भांडी उचलली आणि मठात जाऊन बिऱ्हाड थाटलं. "भावाचं घर भावाचं असते," एवढंच म्हणाली. माईची सेवा करणारी म्हातारी नुकतीच वारली होती, ते काम तिने धरलं. रोज आंघोळ घालायची, तेल-शेंदूर चढवायचा, लुगडं नेसवायचं. गावच्या बायका ज्वारी आणून देत, त्यावर तिचं भागे.

वडिलांना हे फार लागलं. बहिणीला घरात ठेवू शकला नाही, असं लोक पारावर बोलत. त्यांनी मठाचा उंबरा ओलांडणं सोडलं. नवरात्रातसुद्धा बाहेरूनच हात जोडून परत फिरायचे. आत्याही आमच्या दारात येईनाशी झाली. एकाच गावात राहून भावाबहिणीचं बोलणं माझ्यामार्फत चाले, आणि दोघंही माझ्यावरच चिडत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. पावसाळा सरत आला होता, घटस्थापना तोंडावर आली होती. सकाळी आंघोळ घालताना आत्याच्या लक्षात आलं की माईच्या अंगावरचा शेंदूर हलतोय. पिढ्यान्‌पिढ्या चढलेल्या शेंदराचा थर एक दिवस असा आपोआप सुटतो. माईने चोळी टाकली, असं आमच्याकडे म्हणतात. मग ते कवच वाजतगाजत नदीत सोडायचं आणि त्याच दिवशी मूर्तीवर नवा शेंदूर चढवायचा, ही रीत. आजवर वरवरचा थरच सुटत आला होता. डफडी आली, बायका ताटं घेऊन जमल्या. या वेळी चांदीच्या डोळ्यांसकट अख्खं कवच खाली आलं आणि डफडी एकदम थांबली.

आत माई नव्हती. दाढीवाला बुवा होता!

मांडी घालून बसलेला, डोक्यावर जटांचा बुचडा, गळ्यात रुद्राक्ष, एका हातात पोथी. दुसरा हात काहीतरी समजावून सांगावं तसा वर केलेला. पायांशी दोन लहान शिष्य वर तोंड करून ऐकत बसलेले. चेहरा शांत, किंचित हसरा. मला तर वाटलं आमच्याकडेच बघून हसतोय. का नाही हसणार? गावातल्या सगळ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला लुगडी नेसवली, बांगड्या भरल्या, खणानारळाने त्याची ओटी भरली, आणि सासूची, नवऱ्याची, अडलेल्या बाळंतपणाची सगळी गाऱ्हाणी त्याच्या कानात सांगितली. एक म्हातारी तर पदर तोंडावर घेऊन घरीच पळाली. आठवून आठवून लाजली असणार.

पुरुषांचं म्हणणं, पटकन शेंदूर फासा आणि गप्प बसा. पण गावभर झालेली गोष्ट गप्प कशी बसणार? सरपंचांनी जिल्ह्याला कळवलं आणि जुन्या वास्तूंचा अभ्यास असलेले एक साहेब आले. भला माणूस. चप्पल बाहेर काढून आत आला आणि खांबांवरून हात फिरवत हिंडत राहिला. शेटजीपाशी थांबून तोही हसला. हे देवीचं देऊळ नव्हतंच, म्हणाला. यादवांच्या काळातला साधूंचा मठ. मंडपात पाठ चालायचे, खोल्यांत शिष्य राहायचे, आणि ही मूर्ती त्यांच्या गुरूची असावी. आता तिच्यावर शेंदूर लावू नका, तेल घालू नका. पाण्याने धुतली तर हरकत नाही.

आत्याने त्यांना आपल्या खोलीच्या दारात बसवून चहा दिला. मी तिथेच होते. तिने विचारलं, "साहेब, माह्या या खोलीत कोन राहे मंग?"

"घर सोडून आलेली माणसं, बाई."

"घरी कोनी ठेवत नोतं म्हनून?"

"नाही नाही. आपण होऊन सोडलेलं."

आत्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "त्यायले कोनी परत घरी जा म्हने का?"

साहेबांना त्या प्रश्नाचा रोख कळला नसावा. ते नाही म्हणाले आणि चहा संपवून निघून गेले.

मला मात्र कळला होता. कारण आदल्याच दिवशी पारावर ठरलं होतं: जालन्याहून नवी देवी आणायची, वेशीजवळच्या विहिरीपाशी बसवायची, तिला रीतसर पुजारी नेमायचा. मठात आता देवीच नाही तर सेवेकरीण कशाला? मठाला कुलूप लावायचं आणि आत्याने भावाच्या घरी जायचं. वडील काही बोलले नव्हते, पण घरी येऊन त्यांनी पडवीतला कोपरा स्वतः उभं राहून सारवून घेतला. त्यांचा चेहरा उजळला होता. मला वडिलांसाठी बरं वाटत होतं आणि आत्यासाठी वाईट.

घटस्थापनेच्या सकाळी वडिलांनी गाडी जुंपली. चार माणसं बरोबर घेतली. मठापाशी पोचल्यावर ते नेहमीसारखे बाहेरच थांबले. आत्या उंबऱ्यात बसली होती. तिने भांडी बांधली नव्हती.

"बाई, चाल," वडील म्हणाले.

"काऊन?"

"आता काय राह्यलं हाय इथं?"

आत्या उंबऱ्यावरून उठली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागून आई आली. हातात ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. पुरुषांच्या मधून वाट काढत, आत्याच्या शेजारून ती सरळ आत गेली आणि त्या उघड्या, दाढीवाल्या बुवाची ओटी भरली. पोथीच्या हाताखाली नारळ टेकवला, शिष्यांच्या डोक्यांवर तांदूळ टाकले. बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"संन्याशाची ओटी कोनी भरते काय, वहिनी?"

"आजवर घेतली ना यानं?" आई मागे न बघता म्हणाली. "आता नाही म्हन म्हनावं त्याले."

मग दुसरी बाई आली. मग ती लाजून पळालेली म्हातारीही आली, ओटी भरताना बुवाकडे न बघता. दुपारपर्यंत मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. सरपंच डोकं खाजवत म्हणाले की एवढा पसारा रोज आवरायला कुणीतरी लागेलच, राहू द्या बाईला. विहिरीपाशी देवी आली ती आलीच, तिलाही ओटी मिळू लागली. वडील रिकामी गाडी घेऊन परत फिरले. आई आणि मी गाडीमागून चालत होतो. घराजवळ आल्यावर आई पुटपुटली, "एका चुलीवर दोघी? नको माय. तो बुवाच बरा." पण बोलताना तिने डोळे पुसले, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आमच्या अंगणात उभी. इतक्या वर्षांनी. पायरी चढली नाही.

"भाऊ, मले एक अडचन हाय," ती म्हणाली. "आजवर माय होती, म्या आंघोळ घातली. आता बुवा हाय. संन्याशी मानसाले बाईनं हात कसा लावावा? घरचा बाप्या मानूस पाहिजे."

वडील पायरी उतरून तिच्यापाशी आले.

"तू घरी येनार नाहीस."

"नाही."

त्यांनी दोरीवरचा पंचा खांद्यावर टाकला, बादली उचलली आणि तिच्या मागे चालू लागले. त्या दिवशी ते मठाचा उंबरा ओलांडून आत गेले, आणि मग रोज जाऊ लागले. विहिरीचं पाणी न्यायचं, बुवाला स्वच्छ धुवायचं, शिष्यांचे कान चोळायचे. तोवर आत्या पदर डोक्यावर घेऊन पाठमोरी बसायची. मग दोघांनी तिच्या ठेंगण्या दारात बसून चहा प्यायचा. काय बोलत कोण जाणे. बहुतेक काही नाही.

लग्नानंतर मी दिवाळीला घरी आले तेव्हा मठात गेले होते. आत्या थकली होती, ओट्यावर पडून होती. मी तिला म्हटलं, "आत्या, चाल ना दोन दिवस. तुले माहेरी यावंसं नाही वाटत?"

"मी काऊन येऊ?" ती म्हणाली. "माहेर रोज सकाळी बादली घेऊन येते."