पेढे जरा लवकरच वाटले

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, पण पेढ्यांचा मूर्खपणा सगळ्यांत वरचढ. नवरा ट्रकवर होता. तो गेला आणि जाताना एचआयव्ही माझ्याकडे ठेवून गेला. गोळ्या मात्र मी कधी चुकवल्या नाहीत. मग एकदा रिपोर्ट आला : रक्तात विषाणू आढळत नाही. मी निगडीच्या स्टँडजवळून पेढे घेतले आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटले. कुणी कारण विचारलं तर सांगितलं, "नातवाला दात आला." नातू तेव्हा चौथीत होता.

त्या भरात मी ठरवून टाकलं, की आता अंगात कुठलाच विषाणू उरला नाही. गोळ्यांच्या सेंटरवरची सिस्टर दर खेपेला म्हणायची, "आजी, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. एचपीव्ही हा वेगळा विषाणू आहे. तुमच्यासारख्यांच्या अंगात तो लवकर हलत नाही, आणि राहिला तर पुढे कॅन्सरची भीती."

मी म्हणायची, "अहो, ज्या गोळ्यांनी थोरल्याला आडवा केला, त्या धाकट्याला सोडतील होय?" आणि आपल्याच विनोदावर हसत बस पकडायची. काय तोरा होता तेव्हाच्या त्या बाईचा, म्हणजे माझाच. आज भेटली तर कान उपटीन.

सून चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत क्वालिटी तपासायला आहे. माझा आजार घरात तिला आणि मुलालाच ठाऊक. एका रविवारी मेथी निवडताना तिला हा विनोद ऐकवला. ती हसली नाही.

"आई, इंजिन ओके निघालं म्हणून आम्ही ब्रेक न बघता गाडी बाहेर सोडतो का?"

"मी काय गाडी आहे?"

"गाडी असता तर मागेच परत पाठवली असती."

रजा टाकून तिनंच मला नेलं. टेबलावर पाय वर घेऊन झोपले तेव्हा लाजेनं पंख्यावरची नजर हलवली नाही. एवढ्याशा ब्रशनं नमुना घेतला, झालं. इतकी वर्षं याला घाबरत होते मी. पण रिपोर्ट आला तो वाईट. धाकटा खरोखरच मुक्काम ठोकून होता. डॉक्टरीणबाईंनी औषध लावून आत पाहिलं तर पांढरा डाग. "कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या, "पण तसाच सोडला तर होऊ शकतो." तिथल्या तिथे त्यांनी तो उष्णतेनं जाळून टाकला आणि वर्षानं पुन्हा बोलावलं.

ते वर्ष मी कसं काढलं, माझं मला माहीत. दुसऱ्या रिपोर्टच्या सकाळी तर चहात मीठ पडलं. सेंटरवर सिस्टर कागद वाचत होती आणि मी तिच्या भुवया वाचत होते. एचपीव्ही नाही. जिना उतरताना गुडघ्यांना आपलं वय आठवलं नाही. नियमानं तपासणीला येत राहायचं, हे या वेळी नीट ऐकून घेतलं आणि मग पेढे घेतले. शेजारणींना दाताची थाप मारली नाही. गर्भपिशवीची तपासणी चांगली आली, तुम्हीही करून घ्या, असं दारोदार सांगितलं.

संध्याकाळी सून कंपनीच्या बसमधून उतरली. कोपऱ्यावरच तिच्या हातात पेढा ठेवला आणि तोऱ्यात विचारलं, "झाले ना तुझ्या क्वालिटीत पास? आता तुझा रिपोर्ट दाखव बघू. तू कधी केलीस गं तपासणी?"

पेढा तिच्या हातातच राहिला. मग ती हळूच म्हणाली, "आई, मी एकदाही केली नाही. शनिवारी माझ्याबरोबर याल? मला एकटीला भीती वाटते."