बेट्सचं नाव

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा बास्केटबॉल टीमच्या जर्सींवर आमची सुलेखामावशी खेळाडूंची नावं शिवायची. नव्या पोराचं नाव ती हातानं, कच्च्या टाक्यानंच घाली. महिन्याभरात पोरगं जाणार आणि तीच जर्सी पुढच्याला मिळणार, मग मशीन कशाला झिजवायची?

१९८६च्या जानेवारीत, भर सीझनमध्ये, दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड होऊन लीरॉय बेट्स आला. वीस वर्षांचा. कोच म्हणाला, "याच्यात पोटेन्शियल आहे." मावशी वैतागली. सात वर्षं ती प्रत्येकाबद्दल हेच ऐकत होती.

बेट्सनं जर्सी उलटी करून टाके पाहिले. त्याची आईही शिवणकाम करायची.

"मॅम, पक्कं शिवाल?" त्यानं हळूच विचारलं.

मावशीनं पुटपुटत मशीनवर दुहेरी शिलाई मारली.

मार्चमध्ये त्याचा पुन्हा ट्रेड झाला. ती शिलाई उसवता उसवता मावशीची बोटं भरून आली आणि कापडाला सगळीकडे भोकं पडली.

"आता गं?" मी विचारलं.

"पुढच्याचं नाव लांब आहे," सुईत दोरा ओवत मावशी म्हणाली. "झाकली जातील."