गाऱ्हाण्यातला एक शब्द

आमची ही गेल्यानंतर वर्षभर मी गावदेवीच्या देवळाची पायरी चढलो नाही. रस्त्यानं जाताना लांबून हात जोडायचो, तेही सोडलं. लोक समजूत घालायचे, देवाची इच्छा म्हणायचे. मी म्हणायचो, जिनं चाळीस वर्षं तुमच्या त्या देवळाचं अंगण सारवलं, तिला असं रस्त्यात टाकायची कसली इच्छा? मी चौथी शिकलेला माणूस. सुपारीच्या झाडावर चढून घड उतरवण्यात जन्म गेला. बोलणं पहिल्यापासून तोडून टाकल्यासारखं. गावात म्हणतात, हा तोंडावर बोलतो, पोटात ठेवत नाही. मलाही तसंच वाटायचं. पण आता जे लिहितोय ते मी वर्षभर पोटात ठेवलं होतं.

आमच्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते. बाकी सगळं बाळूच्या सहा सीटच्या रिक्षावर चालायचं. बाळू आमच्या शेजारचा, पस्तिशीचा असेल, दोन पोरांचा बाप. लहानपणी अर्धा वेळ आमच्या पडवीत असायचा, हिच्या हातचं खायचा. तर बाळूचा फोन म्हणजे सगळ्या गावाचा फोन होता. कुणाची सून माहेराहून यायची आहे, कुणाला बोर्लीहून पाव हवेत, कुणाचा दवाखान्यातला कागद राहिलाय, लावा बाळूला. तो गाडी चालवतोय हे काय आम्हाला माहीत नव्हतं? गाडीत असतो म्हणूनच तर त्याला फोन. त्यानं उचलला नाही तर संध्याकाळी त्याला ऐकवायचो, "लय मोठा झालास व्हय रे? फोन उचलत न्हाईस?" मी स्वतः ऐकवलंय. त्याला चालत्या गाडीत फोन उचलायची सवय आम्ही गावानं लावली, आणि तो भला, म्हणून त्याला लागली.

त्या दिवशी ही बोर्लीला बाजाराला गेली होती. बारा वाजून गेले, मला भूक लागली. भूक लागली की माझं डोकं फिरतं. मुंबईच्या मुलानं हिला फोन घेऊन दिला होता, पण ती तो कपाटात लुगड्याखाली ठेवायची, हरवेल म्हणून. मग मी बाळूला लावला. विचारलं, कुठवर आलास? म्हणाला, "खिंडीत हाय काका, आलोच. बाकीची फाट्यावर उतरली, काकीच हायत." एवढ्यावर ठेवायला हवा होता. पण नाही. मी म्हटलं, "तिला विचार, सुका जवळा घेतला काय?" त्यानं मान मागे वळवली असणार, कारण त्याचा आवाज लांब गेला. मग हिचा आवाज आला, "घेतलाय म्हणावं. डोकं नका खाऊ त्याचं." मग काहीतरी मोठ्यानं वाजलं आणि फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. खिंडीत रेंज जातेच. मी परत लावला, पुन्हा एकदा लावला. लागला नाही म्हणून शिवी हासडली आणि ताटात कोरडा भात वाढून घेतला. ती तिकडे रस्त्यावर पडली होती आणि मी इकडे जेवत होतो. हे मला अजून गिळवत नाही.

वळणावर समोरून जांभ्या दगडाचा ट्रक आला. बाळूनं गाडी ओढली, ती कठड्यावर आदळून उलटली. माणगावच्या दवाखान्यात नेताना वाटेतच ही गेली. बाळूचा पाय गुडघ्यात मोडला. पोलीस त्याच्या खाटेपाशी जबाब घ्यायला आले तेव्हा मी दारात उभा होतो. तो म्हणाला, फोनवर बोलत होतो, चूक माझी आहे. फोन कुणाचा, असं त्यांनी विचारलं. बाळूनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "गिऱ्हाइकाचा." त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. तो मला वाचवतोय हे मला तिथंच कळलं. कळूनही मी काही बोललो नाही. हिचं सगळं आटपू दे, मग बोलू, असं मनाशी म्हटलं. दहावं झालं, तेरावं झालं. मग कुणीतरी माझ्या समोर बाळूला शिवी दिली, आणि मला ते ऐकून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मीच दिली.

तिथून मी सुटलोच. दुकानावर, विहिरीवर, जिथं चार माणसं दिसतील तिथं मी त्याला खुनी म्हणायचो. रात्री झोप यायची नाही आणि सकाळी उठलो की आधी त्याच्या घराकडे तोंड करून बोलायचो. एकदा त्याच्या आईला भर वाटेत म्हटलं, "तुझ्या पोरानं माझं घर बुडवलं." तिला फोनचं काही ठाऊक नव्हतं. ती डोक्यावरची पाटी तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, "बोला भावजी, पोटभर बोला. ताई माझीबी होती." माझ्या जिवाला तेव्हाही काही वाटलं नाही असं नाही. वाटलं, पण मी आणखी मोठ्यानं बोललो. फोन कुणाचा ते बाळूनं आईला सांगितलं नव्हतं, बायकोला नाही, त्याच्या केसच्या वकिलालाही नाही.

शिमगा जवळ आला. आमच्याकडे शिमग्याला गावदेवी आईची पालखी घरोघर फिरते आणि पुढच्या दांडीचा मान बाळूच्या घराकडे आहे. त्याचा पाय तोवर चालण्यापुरता बरा झाला होता, थोडा ओढायचा इतकंच. देवळासमोर बैठक बसली तेव्हा मी वर्षानं तिथं गेलो, तेही अंगणात, आत नाही. उभा राहून म्हटलं, "ज्या हातांनी माझी बायको मारली त्या हातांनी आईची पालखी न्हाय उचलायची." मागून कुणीतरी म्हणालं, "पालखी खांद्यावर घेतात काका, हातात न्हाय." दोघं तिघं हसले. मी पेटलो. म्हटलं, हसा, तुमची बायको गेली असती म्हणजे कळलं असतं. मग कुणी हसेना. बाळू खांबाला टेकून खाली बघत होता. शेवटी ठरलं की आपण माणसांनी भांडायचं नाही, आईलाच विचारायचं. कौल लावायचा.

कौल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसासाठी सांगतो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ते खरं की खोटं यावर मला वाद घालायचा नाही. आमच्या गावात लग्नं त्यावर ठरली आहेत आणि मोडलीही आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे देवळात जमले. मीही आत गेलो. मला खात्री होती की बाळूचा मान आज जाणार, आणि तो गेला की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरेल. आमचे तात्या गुरव माझ्यापेक्षा म्हातारे आहेत. मेलेल्या माणसाच्या गोष्टीत देवीसमोर कुणाचं नाव घेऊन दोष लावायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. मला हे ठाऊक होतं, पण त्या वेळी डोक्यात नव्हतं. त्यांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि म्हणाले, "आई गावदेवी, तुझी लेकरं तुझ्यापुढं उभी हायत. गेल्या साली आमची एक बाई रस्त्यात गेली. ज्याच्यामुळे ती बाई गेली, त्याचा खांदा तुझ्या पालखीला चालंल काय? चालत असंल तर उजवा दे. न्हाय तर डावा दे."

ज्याच्यामुळे. देवळातल्या सगळ्यांना तो शब्द बाळूचा वाटत होता. दोनच माणसांना माहीत होतं की तो शब्द कुणाचा आहे, आणि त्यातला दुसरा अजून खाली बघत होता. मनात म्हटलं, तात्या, थांबा, प्रश्न चुकलाय. पण प्रश्न चुकला नव्हता. वर्षभर मी ज्याला दुसऱ्या नावानं हाक मारत होतो तेच तात्यांनी नाव न घेता विचारलं होतं. फार वेळ लागला नाही. डावी पाकळी पडली.

मागे बायका कुजबुजल्या. बाळूनं काही वाद घातला नाही. खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी केली आणि उंबऱ्याशी ठेवून बाहेर गेला. पायरीशी त्याच्या चपला होत्या. दुखऱ्या पायाचा गुडघा वाकत नाही, म्हणून तो खांबाला धरून पाय चपलेत सारत होता. पाय जाईना. चप्पल पुढं सरकत होती आणि तो परत परत पाय टाकत होता. त्यानं मागे वळून माझ्याकडे एकदा जरी पाहिलं असतं तरी कदाचित मला राग धरता आला असता. त्यानं पाहिलं नाही. मी हाक मारली की माझ्या तोंडून हाक निघाली, मला सांगता येत नाही.

"बाळ्या, थांब. आईनं तुला 'न्हाय' म्हटलं न्हाय. मला म्हटलं. फोन माझा होता."

तात्या म्हणाले, "काय बोलतोस तू?" मग मी सगळं सांगितलं. जवळ्याचं सांगितलं, तिचा आवाज ऐकल्याचं सांगितलं, दवाखान्यातल्या जबाबाचं सांगितलं आणि भात खाल्ल्याचंही. काही लपवलं नाही. बाळू दारातून म्हणाला, "पण उचलला तर मीच ना काका. गाडी माझ्या हातात होती." हेही खरं होतं. त्याची आई बायकांमध्ये बसली होती, ती उठली, माझ्यासमोर आली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. "वर्षभर, भावजी?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

तात्यांनी विचारलं, बाळूसाठी वेगळा कौल लावू का? बाळूच नको म्हणाला. "ज्याच्यामुळे म्हटलं त्यात मीबी आलो, तात्या." पुढची दांडी त्याच्या चुलत भावानं घेतली. पालखी निघाली तेव्हा आम्ही दोघं सगळ्यांच्या मागून चाललो. तो पाय ओढत, मी वयानं सावकाश. एका घराशी पालखी थांबली तेव्हा त्यानं मला पाण्याचा तांब्या दिला, तो मी घेतला.

माझं घर जवळ आलं तसा मी पुढं झालो, आणि घरात शिरल्यावर कळलं की मला काहीच येत नाही. पालखी दारात आली की घरच्या बाईनं आईची ओटी भरायची असते. सुनेला मुंबईहून रजा मिळाली नव्हती. नारळ होता, तांदूळ कुठल्या डब्यात ते ठाऊक नव्हतं. ढोल अंगणात आला तरी मी नारळ हातात घेऊन नुसता उभा. गावात कोण येणार होतं माझ्यासाठी? सकाळी सगळ्यांनी ऐकलं होतं. म्हटलं, आई, आता तू रिकाम्या ओटीनं परत गेलीस तरी तुझं बरोबरच आहे. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी देवाशी भांडलो नाही, मागितलंही नाही.

इतक्यात बाळूची आई मागच्या दारानं आत आली. हातात ताट, ताटात खण, तांदूळ, हळदकुंकू. माझ्याकडे बघितलं नाही. "पाट मांडा भावजी, उभे काय राहिलात? आई दारात ताटकळली." मी पाट मांडला. तिनं ओटी भरली आणि पालखीपुढं वाकून म्हणाली, "ताईच्या नावानं." मग ताट उचललं आणि आली तशी गेली. मी पालखीच्या दांडीला नाही, खाली जमिनीला डोकं टेकलं आणि रडलो. हिला पोचवून आलो तेव्हाही असा रडलो नव्हतो.

पुढं मी बाळूच्या वकिलाकडे जाऊन खरं सांगून आलो. तो म्हणाला, त्यानं बाळूची चूक पुसली जात नाही, गाडी चालवणाऱ्यानं फोन उचलायचा नसतो. बरोबर आहे. बाळू आता गाडी चालवत नाही, आमच्या शेजारच्या वाडीत सुपारी सोलायला बसतो. रिक्षा दुसरा चालवतो, आणि लोक त्यालाही फोन लावतात. मी दिसलो की हळूच फोन खाली ठेवतात. परवा एकीला म्हटलं, "पाव अर्धा तास उशिरा आले तर मरशील काय?" तिला राग आला. येऊ दे.

मी देवीकडे गेलो होतो दुसऱ्याचा न्याय करून घ्यायला. तिनं माझा केला, आणि मला एकट्याला ऐकू येईल असा केला. बोलायचं की नाही, ते मात्र माझ्यावर सोडलं. याला मी कृपाच म्हणतो, दुसरा शब्द मला येत नाही. बाळूच्या आईनं मला माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही आणि कौल लावूनही विचारणार नाही. आता दर मंगळवारी मी देवळात जातो, अंगण झाडतो. सारवायला मला जमत नाही. ते बाळूची आई येऊन सारवते, आणि तेवढा वेळ मी पायरीवर गप्प बसून राहतो.