बिनपायांचे पार्ट

सत्त्याण्णव साली नावड्याजवळच्या एका कारखान्यात बिनपायांचे पार्ट आले आणि सईदाबीच्या हातांची दहा वर्षांची मिजास उतरली. तोवर टेलिफोनच्या बोर्डावर पार्टाचे पाय भोकांत घालायचे, मागून सोल्डर लावायचं, की काम झालं. हे नवे पार्ट तांदळाच्या कणीएवढे, काळे. यांना पाय नाहीत आणि बोर्डाला भोकं नाहीत. पहिल्याच दिवशी सईदाबी शिंकली आणि चाळीस पार्ट उडाले.

शिकवायला पुण्याहून अभिराम नावाचे तरुण इंजिनियर आले होते. "जिचा पार्ट हरवेल, तिने तो शोधल्याशिवाय घरी जायचं नाही," त्यांनी बजावलं. मग काय, सईदाबी आणि शेजारी बसणाऱ्या गिरजाबाई तासभर टेबलाखाली रांगल्या. रांगता रांगता सईदाबीने एक गोष्ट हेरली. साहेबांच्या खिशात चष्मा होता, पण बायकांसमोर तो लावायची त्यांना लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांच्या वाटीतले पार्ट गुपचूप काढले आणि चिमूटभर कलौंजी, स्वयंपाकातले तसेच बारीक काळे दाणे, टाकली.

"नीट बघा," साहेब म्हणाले. "आधी बोर्डावरच्या एका ठिपक्यावर थोडं सोल्डर. ते वितळवून चिमट्याने पार्ट आत सरकवायचा. तो बसला की दुसरी बाजू."

सोल्डर काही चिकटेना. "पार्ट जुने दिसतात," साहेब पुटपुटले. धूर निघाला, खमंग वास सुटला.

"सायेब, नाश्ता बनवताय काय?" गिरजाबाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्मा लावला, वाटीत पाहिलं. "कोणी केलं हे?"

सईदाबी उभी राहिली. "मी. तुमी चष्मा लावा, आमाला पन भिंग द्या. मग काम बगा."

साहेब लालबुंद झाले. मग त्यांनाच हसू आवरेना. बॅगेतलं आपलं भिंग काढून तिच्यापुढे सरकवत ते म्हणाले, "दहा लावून दाखवा. नाहीतर आठवडाभर झाडू तुमच्याकडे."

पहिला वाकडा बसला. दुसरा एका टोकावर ताठ उभाच राहिला. तिसऱ्यापासून मात्र ओळ सरळ लागली. दहावा बसला तेव्हा सईदाबीने चिमटा खाली ठेवला आणि साहेबांकडे बघून भुवई उडवली.

आठवड्यात प्रत्येक टेबलावर भिंग आलं. वर्षभरात नव्या बायका शिकायला सईदाबीकडेच बसू लागल्या. त्या "मॅडम" म्हणून हाक मारत, आणि कोण मॅडम आली म्हणून सईदाबी मागे वळून बघत असे.